विंडोज बदललं, आता शिकवणारं कोण?

मंडळी, आज ऊस, पाणी आणि राजकारण थोडं बाजूला ठेवतो. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण शेवटी तो आपल्या नगरपरिषदेपर्यंत आणि ग्रामपंचायतीपर्यंत येतोच. जरा लांब लिहिलंय, सांभाळून घ्या.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स बंद केली. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे. त्यानंतर मशीन चालू राहील, पण विंडोजची सुरक्षा अपडेट्स मिळणार नाहीत. म्हणजे आज ना उद्या विंडोज ११ वर जावं लागणार. त्यातही जुन्या मशीनवर ते सरळ बसत नाही, ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. थोडक्यात, अनेकांना मशीनच नवं घ्यावं लागणार.

डोळस माणसाला याचा त्रास दोन दिवसांचा. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मध्ये आलं म्हणून तो जरा कुरकुर करतो आणि नंतर विसरतो. पण ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर काम करतात, त्यांचं काय?

जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे, मी त्यातलाच एक. बातमी लिहितो ती कानानं. कारखान्याची सभा असो, नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन असो की उजनीची पातळी, टाईप करायचं, स्क्रीन रीडरकडून ऐकायचं, दुरुस्त करायचं आणि पाठवायचं. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम. मी वापरतो तो एनव्हीडीए. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढं त्याचा अंध मित्र जेम्स तेह सोबत आला. कारण तेव्हाचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नव्हते. एनव्हीडीए आजही फुकट आहे आणि मराठीसुद्धा वाचतो. आवाज थोडा यंत्रासारखा आहे, पण आठ दिवसांत कान सरावतो.

आता नवं विंडोज शिकणं आम्हाला वेगळं का पडतं, ते सांगतो. तुमच्यासाठी पडदा म्हणजे नकाशा. एका नजरेत सगळं दिसतं, एखादी गोष्ट जागेवरून हलली तरी डोळा शोधून काढतो. आमच्यासाठी पडदा म्हणजे रस्ता. बारामतीहून इंदापूरला निघालं की काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असे थांबे मोजत जायचं, तसं आम्ही टॅब आणि बाणांची बटणं दाबत जातो. कितव्या थांब्यावर काय आहे हे बोटांना पाठ असतं. विंडोज ११ नं हे थांबे बदलले.

स्टार्टचं बटण मध्ये आलं याचा आम्हाला पत्ताही लागला नाही, कारण आम्ही विंडोजची कळ दाबतो. अडचण आली ती दुसरीकडं. फाईलवर राईट क्लिकचा मेनू उघडला की पूर्वी ओळीनं सगळं ऐकू यायचं. आता मेनू आखूड झालाय, कट, कॉपी, नाव बदलणं यांची चित्रांची बटणं झालीत आणि बाकीचं ‘आणखी पर्याय’च्या आत गेलंय. सूचना ऐकायला विंडोज आणि ए दाबायची सवय होती. तिथं आता वायफाय आणि आवाजाच्या सेटिंग उघडतात, सूचना गेल्या विंडोज आणि एन वर. नोटपॅड उघडलं की कालची फाईल आधीच उघडी असते. दिसणाऱ्याला ते लगेच कळतं, ऐकणाऱ्यानं मुद्दाम ऐकून खात्री करावी लागते.

पण खरं सांगू? हे सगळं शिकता येतं. शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की जुना लांब मेनू जसाच्या तसा उघडतो. फाईलचं नाव बदलायला एफ-२ आधीही चालत होतं, आताही चालतं. एनव्हीडीए कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून सुरू होतो, यातही फरक नाही. आणि स्क्रीन रीडर टाकलेलाच नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबा, विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलायला लागतो. रोज तासभर बसलो आणि तीन आठवड्यांत माझा बातम्यांचा वेग पूर्वीसारखा झाला.

मग अडलं कुठं? तर शिकवणाऱ्यापाशी. मी आधी एका क्लासमध्ये चौकशी केली होती. शिकवणारा पोरगा चांगला होता, मनापासून बोलत होता. पण त्याच्या प्रत्येक वाक्यात ‘इथं क्लिक करा’, ‘तो निळा चौकोन दिसतोय ना’. की-बोर्डवरून तेच काम कसं करायचं हे त्यालाच कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी म्हणाला, “सर, सोबत कुणीतरी दिसणारं आणा, मग जमेल.” त्या पोराचा दोष नाही. पण सोबत दिसणारं माणूस कायमचं आणायचं असेल, तर कॉम्प्युटर शिकायचा कशाला?

माझं म्हणणं एवढंच आहे. नवं विंडोज आमच्यासाठी अवघड नाही. ते आमच्या पद्धतीनं शिकवणारं आपल्या दोन्ही तालुक्यांत सहजी सापडत नाही, हे अवघड आहे. पुण्या-मुंबईत संस्था आहेत, तिथं हे प्रशिक्षण मिळतं. पण बावड्याच्या किंवा भिगवणच्या पोरानं पुण्यात राहायचं कुठं आणि खायचं काय?

कुणी म्हणेल, मोबाईल आहे की! आहे, आणि मोबाईलनं आम्हाला खूप दिलंय. पण एक्सेलचा तक्ता, परीक्षेचा ऑनलाईन पेपर, ऑफिसातली फाईल हे मोबाईलवर भागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण दिलंय. जागा कागदावर आहे, पण त्या जागेवर बसून काम करायला कॉम्प्युटर यायला हवा. आणि आधीच नोकरीत असलेल्या अंध कर्मचाऱ्याचं मशीन एका रात्रीत बदललं, शिकायला वेळ दिला नाही, तर सकाळी साहेब म्हणणार, ‘याला काम जमत नाही’. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेले ५० लाखांच्या वर लोक मोजले गेले. त्यातले काही आपल्याही गावात आहेत.

आता पैशाचं बोलू. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीलाही हे लागू आहे, नगरपरिषदेलाही. आपल्याकडं या निधीची चर्चा निघते ती वाटपाची. किती जणांना किती रुपये आणि कधी. ते वाटप बंद करा असं मी म्हणत नाही, गरिबाला त्याचा आधार असतो. पण त्यातला थोडा भाग बाजूला काढून बारामतीत एक आणि इंदापुरात एक अशी दोन प्रशिक्षण केंद्रं उभी राहू शकतात. प्रोग्राम फुकटच आहे. लागतात चार-पाच मशीन, तेवढेच हेडफोन आणि की-बोर्डवरून शिकवू शकणारा एक माणूस. जमलं तर तो माणूस स्वतः अंध असावा, त्यालाही रोजगार मिळेल.

दुसरी गोष्ट कागदांची. विंडोज कितीही शिकलो तरी समोरचा कागदच मुका असेल तर उपयोग काय? नोटिशीची प्रिंट काढायची, शिक्का मारायचा, वाकडी स्कॅन करायची आणि ग्रुपवर टाकायची. स्क्रीन रीडरसाठी तो फोटो असतो, मजकूर नाही. फोटोतलं वाचून दाखवणारी ॲप्स आहेत, पण तक्ता आला की आकडे इकडचे तिकडे होतात. जुन्या फॉन्टमधली फाईल तर आणखी मजेशीर. तिच्यात आत इंग्रजी अक्षरं असतात, वरून फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो. तुम्हाला ‘जाहीर सूचना’ दिसतं आणि माझा एनव्हीडीए एबीसीडीची खिचडी वाचतो. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये टाईप करा आणि स्कॅनसोबत मूळ फाईलही टाका. एवढंच.

आणि ही मेहेरबानी नाही बरं का. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून प्रकरणात तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि ई-केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करा, असे निर्देश दिले. आपल्या राज्यात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. कायदा आहे, निकाल आहे, विभाग आहे, निधी आहे. राहिली ती तालुक्याच्या पातळीवरची अंमलबजावणी.

यात आपली पत्रकार मंडळीही आली. आपले ई-पेपर आणि ग्रुपवर फिरणारी कात्रणं म्हणजे निव्वळ चित्रं. मी लिहिलेली बातमी छापून आल्यावर मलाच वाचता येत नाही, ही गंमत मी रोज अनुभवतो. बातमीच्या फोटोखाली मजकूर पेस्ट करायला मिनिटभर लागतं, तेवढं करूया.

तेव्हा मागण्या तीनच. एक, ५ टक्के निधीतून दोन्ही तालुक्यांत स्क्रीन रीडरचं प्रशिक्षण. दोन, सरकारी नोटिसा आणि याद्या युनिकोड मजकुरात. तीन, कार्यालयात मशीन बदलण्याआधी अंध कर्मचाऱ्याला पूर्वसूचना आणि शिकायला किमान महिनाभर वेळ. १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख लक्षात ठेवून नगरसेवकांनी, सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी हा विषय पुढच्या सभेत घ्यावा.

बारामतीत किंवा इंदापुरात एखादा क्लासवाला एक मशीन आणि आठवड्यातले दोन तास द्यायला तयार असेल तर कमेंटमध्ये सांगा. शिकवणाऱ्याला की-बोर्डवरून कसं शिकवायचं ते मी येऊन दाखवतो, फी नको. आणि तुमच्या ओळखीत कुणी न दिसणारं पोरगं-पोरगी घरी बसून असेल, तर ही पोस्ट त्यांना फॉरवर्ड करा. मजकूरच आहे, त्यांचा फोन ती वाचून दाखवेल.