केशवराव भोसले नाट्यगृहाच्या तारखांत आरक्षण हवे!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळक्या वास्तूसमोर रडणारे कलावंत आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. मलाही वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पुढे सरकारने निधी जाहीर केला, वास्तू होती तशी उभी करण्याचा शब्द दिला. दगड, लाकूड, छप्पर, खुर्च्या यांवर भरपूर चर्चा झाली. पण पडदा पुन्हा वर गेल्यावर रंगमंचावर कोण उभे राहणार, पहिल्या महिन्याच्या फलकावर कुणाची नावे लागणार, ही चर्चा माझ्या तरी वाचनात आली नाही.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. राजर्षी शाहूंनी १९१५ साली उभ्या केलेल्या या नाट्यगृहाच्या तारखांत आरक्षण असले पाहिजे. तिकीटखिडकीवरचे आरक्षण नव्हे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमातले आरक्षण, ज्याने करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या.

"ताई, तुम्ही हडपसरच्या, तुम्हाला कोल्हापूरचे काय पडले आहे?" असे एका कार्यकर्त्याने विचारलेच. पडले आहे, कारण फलक सगळीकडे सारखाच असतो. आमच्या हडपसरलाही माळवाडीत महापालिकेचे विठ्ठल तुपे पाटील नाट्यगृह आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महापालिकेच्या नाट्यगृहाबाहेर उभे राहा आणि 'आगामी कार्यक्रम' वाचा. मुंबईची व्यावसायिक नाटके, जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, लावणी, एखाद्या नेत्याचा वाढदिवस. या फलकावर आंबेडकरी जलसा तुम्ही शेवटचा कधी वाचला?

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या मुलामुलींचा एक जलसा बसवला. रामटेकडी-वैदुवाडीकडची पोरे. कुणी डिलिव्हरी करते, कुणी मॉलमध्ये उभे असते. एका नाट्यगृहात (नाव घेत नाही) एप्रिलमधला रविवार मागायला मी गेले. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता. मी 'जलसा' लिहिले. खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे ऑर्केस्ट्रा का?" नाही म्हटले. "मग सभा. पोलिसांचे पत्र आणा." ते आणले, तर म्हणाले, "जयंतीचाच कार्यक्रम ना? मग मैदान घ्या की, नाट्यगृह कशाला?" शेवटी आम्हाला मिळाला मंगळवार, दुपारी बारा ते तीन. आमचा प्रेक्षक म्हणजे घरकाम करणाऱ्या बाया, सफाई कामगार, सुरक्षारक्षक. मंगळवारी दुपारी त्यांतले कोण मोकळे असणार? पहिल्या पाच रांगाही भरल्या नाहीत. पुढच्या वर्षी तारीख मागितली तेव्हा तेच साहेब म्हणाले, "मागच्या वेळी तुमच्याकडे प्रेक्षकच नव्हता."

समाजशास्त्रात एम.ए. करताना बोर्दिए नावाच्या फ्रेंच विचारवंताचे सांस्कृतिक भांडवल मी परीक्षेपुरते पाठ केले होते. कळले मात्र त्या खिडकीवर. आधी वाईट वेळ द्यायची, मग प्रेक्षक नाही म्हणायचे, आणि त्याच कारणाने पुढची वेळही नाकारायची. यात कुणी जातीचे नाव घ्यावे लागत नाही. तारखा काही महिन्यांच्या एकदम वाटल्या जातात, शनिवार-रविवार जुन्या, नावाजलेल्या संस्थांकडे जातात. नवा माणूस उरलेल्यात. नोकऱ्यांचेही असेच चालले होते, म्हणून तर शाहू महाराजांना हुकूम काढावा लागला.

त्यात संहितेची अट. नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यायची. तीन अंकी नाटकवाल्याला हे जमते. जलशाचे काय करायचे? त्यातली बतावणी गावोगाव बदलते, कालच्या बातमीवर आज सवाल टाकला जातो. कागदावर बसवलेला जलसा निम्मा मेलेला असतो.

हे आजचे नाही. दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, कारण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केले. करा साजरा, भाव्यांचे श्रेय कुणी हिरावत नाही. पण १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राइज कमिटीला दिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आणि शेवटी शाळेची वाट धरणारे नवरा-बायको, असे ते नाटक. कमिटीने ते नाकारले. शंभराहून अधिक वर्षे ते छापूनही लोकांसमोर आले नाही. मराठी नाटकाच्या आरंभकाळातच एकाला रंगमंच मिळाला आणि दुसऱ्याला नकार, हे रंगभूमी दिनाच्या किती भाषणांत ऐकले आहे तुम्ही?

रंगमंच मिळाला नाही म्हणून आपली माणसे थांबली नाहीत. सत्यशोधक जलसे झाले, त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशाची बाबासाहेबांनी केलेली वाहवा चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर झाले आणि १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा सोहळ्याच्या वेळी अफाट जनसमुदायापुढे झाले. एवढा प्रेक्षक मराठी नाटकाला दुसरीकडे कुठे मिळाला? तरी आम्हाला प्रेक्षक नाही!

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' घ्या. संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी केलेले हे नाटक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत तिकिटावर चालले. प्रेक्षक होता. वेळ आणि जागा मिळाली म्हणून तो दिसला.

"लावणीला तर तारखा मिळतात, ती बहुजनांचीच कला आहे," हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. मिळतात. पण बाईने काय नेसावे, कुठे वाकावे हे कोण ठरवते? प्रा. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला आहे, जमल्यास वाचा. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, तो पैसा महार स्त्रियांच्या नाचण्यातून आला होता म्हणून, हा प्रसंग आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. सांगताना पवळा हिवरगावकर ही स्वतः थोर कलावंत होती, हे मात्र आपण गाळतो. तमाशातल्या बाईला नाके मुरडणारे आपल्यातही आहेत. मला तिचा फड बंद करायचा नाही. तिला तिच्या अटींवर, तिच्या नावाने तारीख हवी.

आता थोडे आपल्याबद्दल, कारण दोष सगळा खिडकीचाच नाही. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसाठी मंडळे वर्गणी गोळा करतात, आणि त्याच मंडळातला भाऊ दोनशे रुपयांचे तिकीट म्हटले की, "आपल्याच लोकांना तिकीट?" म्हणतो. गाणाऱ्याला शाल, नारळ आणि 'जय भीम' देऊन वाटेला लावतो. वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. त्यांच्या गाण्यावर नाचणाऱ्या किती मंडळांनी आजच्या एखाद्या शाहिराला पूर्ण मानधन दिले आहे? तारखा मिळाल्या आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर मी कोणत्या तोंडाने भांडू?

म्हणून कोल्हापूर महापालिकेकडे मागणी नेमकी करू या. महिन्यातला किमान एक शनिवार किंवा रविवार, रात्रीचा प्रयोग, सवलतीच्या भाड्यात, जलसा, तमाशा, शाहिरी आणि दलित-आदिवासी-भटक्या नाट्यसंस्थांसाठी राखून ठेवा. माणगाव परिषदेचे २१ आणि २२ मार्च, ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन, २६ जून ही त्यांची जयंती, १ ऑगस्ट ही अण्णा भाऊंची जयंती, २८ नोव्हेंबर हा जोतीरावांचा स्मृतिदिन, या दिवशीच्या संध्याकाळी अन्य कुणाला देऊ नका. अर्जातल्या रकान्यात 'जलसा' हा शब्द छापा. आणि पहिल्या महिन्यात 'तृतीय रत्न'चा प्रयोग लावा.

कोल्हापूरच्या मित्रांनी निवेदनाचा मसुदा मागितला होता, तो तयार आहे. त्याची दुसरी प्रत पुणे महापालिकेच्या नावाने केली आहे. हडपसर, रामटेकडी, वैदुवाडीतल्या ज्या मंडळांना सही करायची आहे त्यांनी रविवारी संध्याकाळी विहारात यावे, आणि येताना पुढच्या प्रयोगाच्या तिकिटाचे दोनशे रुपयेही आणावेत.

जय भीम.