थर्मोस्टॅट कोणी फिरवला?

परवा ऑफिसात एसीवरून नेहमीचं महाभारत झालं. खिडकीजवळच्यांना १८ हवं, आमच्या रांगेला २६. शेवटी २४ वर तह! मला मात्र माझा गेल्या पावसाळ्यातला ताप आठवला.

अंगात १०२ ताप आणि मी दोन ब्लँकेटं ओढून कुडकुडतेय. अंग तापलंय तर थंडी कशी वाजते? इंजिनीअर रूममेट म्हणाली, ''सोप्पंय गं. तुझा सेट-पॉइंट सरकलाय.''

कंट्रोल थिअरीत तीनच गोष्टी. काय हवंय, आत्ता काय आहे आणि त्यातला फरक कमी कोण करणार. एसीत हे काम थर्मोस्टॅटचं, शरीरात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं. यंत्र आणि प्राणी दोघंही असेच फीडबॅकवर चालतात, हे नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली 'सायबरनेटिक्स' या पुस्तकात मांडलं. एरवी आपला आकडा ९८.६च्या आसपास. वर गेलो की घाम, खाली आलो की कुडकुड. पण जंतू शिरले की प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं रसायन हा आकडाच वर ढकलतं. तो १०३ वर गेला, तर १०२ ला आपण चक्क गार! गोळी घेतली की आकडा खाली येतो, घाम फुटतो, बरं वाटतं. जंतू मात्र तिथेच.

मी तेच केलं. गोळी, प्रेझेंटेशन, पुन्हा गोळी. चौथ्या दिवशी ताप गायब. थर्मामीटर नॉर्मल! पण पोट दुखत होतं, उभं राहिलं की गरगरत होतं. रूममेटने ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डेंग्यू.

डॉक्टर म्हणाले, ''यात ताप उतरतानाच खरं जपायचं असतं.'' तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू शकतं. मग बीपी सांभाळायला हृदय धावत सुटतं, हातपाय गार पडतात. म्हणजे दुसरं फीडबॅक लूप! ते थकेपर्यंत बीपीचा आकडा बऱ्यापैकी छान दिसू शकतो.

सलाइन लावून पडल्या पडल्या हेच डोक्यात घोळत होतं. चांगला कंट्रोलर गडबड झाकून टाकतो. आकडा नॉर्मल आहे, पण तो तसा ठेवायला आतमध्ये कोण किती राबतंय?

हल्ली आईचा फोन आला आणि ''कशी आहेस?'' विचारलं, की ''एकदम नॉर्मल'' म्हणायच्या आधी मी जरा थांबते.