सर्पगंधेचे मूळ रानातून नव्हे, शेतातून यावे

कोकणात व सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानात सर्पगंधेचे हात-दीड हात उंचीचे झुडूप पूर्वापार आढळते. त्याचे मूळ आपल्या वैद्यांना फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. सर्पगंधेची कीर्ती जगभर झाली आणि त्या कीर्तीबरोबरच तिच्यावर संकटही ओढवले.

हिरडा, बेहडा, आवळा यांची फळे वेचली तरी वृक्ष उभा राहतो व पुढील वर्षी पुन्हा फळतो. सर्पगंधेचे तसे नाही. तिचे औषध मुळात, त्यातही मुळाच्या सालीत असते. मूळ काढले की झुडूप संपले. ते बी धरण्यापूर्वी काढले तर त्याचा वंशही संपला. म्हणूनच १९९० पासून या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार कराराने नियंत्रित करण्यात आला आहे.

या ऱ्हासाचा दोष रानात राबणाऱ्या आदिवासी बंधूंच्या माथी मारण्याची प्रथा पडली आहे. ती आम्हांस न्याय्य वाटत नाही. व्यापारी मुळाचे वजन पाहून पैसे देतो. झुडपाने बी धरले होते काय, हे तो विचारीत नाही. हातातोंडाची गाठ पडण्याची जेथे पंचाईत, तेथे केवळ उपदेशाने रान वाचणार नाही. त्याच हातांना लागवडीचे साधन मिळाले पाहिजे.

ही लागवड अवघड नाही. मात्र तिला धीर लागतो. जमीन भुसभुशीत व निचऱ्याची असावी. पाणी साचल्यास मुळे कुजतात. विरळ सावली मानवते, म्हणून फळबागेतील मोकळी जागा उपयोगी पडते. पिकून काळपट जांभळी झालेली फळे गोळा करून बी ताजे असतानाच वापरावे. ते पाण्यात टाकून तरंगणारे पोकळ बी काढून टाकावे. उगवण मुळातच कमी असल्याने बी सढळ हाताने घ्यावे. मे-जूनमध्ये रोपे तयार करून पावसाळ्यात लावावीत. मुळे निदान दीड वर्षाने, हिवाळ्यात पानगळ झाल्यावर काढावीत. ती धुताना साल निघू देऊ नये. साल गेली की मुळाचा कसही गेला.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. खरेदीदार निश्चित झाल्यावाचून कोणीही मोठे क्षेत्र या पिकाखाली आणू नये. भावाची तोंडी आश्वासने देऊन महागडी रोपे गळ्यात बांधणाऱ्यांपासून सावध राहावे. आरंभी चार-दोन वाफे पुरेत. रोपे कोठून आणली याची नोंद ठेवावी व माल हलविण्यापूर्वी वनखात्याचे नियम विचारून घ्यावेत. तसेच हे मूळ घरगुती औषध म्हणून कोणीही घेऊ नये. त्याने रक्तदाब एकाएकी उतरून अपाय होऊ शकतो.

ग्राम पातळीवरील कार्यकर्त्यांवर या कामी मोठी जबाबदारी आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये पात्र वननिवासींना औषधी मुळे गोळा करण्याचा हक्क आहे. त्या हक्काला शिस्तीची जोड द्यावयाची असेल, तर ग्रामसभेने स्वतःच दोन नियम करावेत : फळे पिकून बी पडल्याखेरीज कुदळ लावावयाची नाही, आणि दर ठिकाणी काही झुडपे बियाण्यासाठी राखून ठेवावयाची. जो शेतकरी बियाण्याचे दाणे उपाशीपोटीही जपून ठेवतो, त्याला या नियमांचे मर्म वेगळे सांगावयास नको.