निबंधातून वगळलेला माणूस

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी एकदा तरी रक्तदानावर निबंध लिहिलेला असतो, आणि मराठीच्या प्रत्येक शिक्षकाने तो ढिगांनी तपासलेला असतो. त्यात कर्ण येतो, दधीची येतो, ‘श्रेष्ठदान’ येते आणि अखेरीस तरुणांना आवाहन येते. येत नाही तो रक्त घेणारा. त्याला नाव नाही, आजार नाही, वजन नाही, आणि चढवलेल्या रक्ताने त्याचे बरेवाईट काय झाले ह्याची चौकशी तर नाहीच.

आमचा आक्षेप ह्या निबंधावर आहे, आणि तो केवळ वाङ्मयीन नाही. दानाच्या भाषेने रक्ताचा सगळा विचार दात्यापाशी थांबवला आहे. पिशवी भरली की पुण्य पदरात पडले. पुढे ती कोणी तपासली, किती तापमानाला ठेवली, कोणाच्या हाताला लावली आणि लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे त्या माणसापाशी कोण थांबले, हे सारे निबंधाच्या बाहेर राहते. रक्ताची सुरक्षितता मुख्यतः ह्याच बाहेरच्या भागात ठरते.

हे आम्ही महाड-पोलादपूर डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळून तीस जण गेले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये दरडीखाली आले आणि महाड शहर पाण्यात होते. ह्या तारखा सगळ्यांच्या लक्षात आहेत. बातमीत न येणारी गरज मात्र रोजची आहे: बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव, महामार्गावरचा अपघात, पंडुरोगाने पार खालावलेली बाई. जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर. अशा आडगावच्या रुग्णालयांसाठी २००१ पासून रक्त साठवण केंद्रांची तरतूद आहे. तपासलेल्या पिशव्या मोठ्या रक्तपेढीतून यायच्या, दोन ते सहा अंशांच्या शीतकपाटात राहायच्या, आणि रुग्णाच्या रक्ताशी जुळवणी जागेवर करायची. तरतूद चांगली आहे. पण ती उभी असते अखंड विजेवर आणि रात्री दोन वाजता जुळवणी करू शकणाऱ्या माणसावर, आणि ह्या दोन गोष्टींसाठी कोणी कधी शिबिर भरवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

त्या रात्रीच्या माणसाला काय ठाऊक असावे लागते, ह्याचे आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट नोंदवला. जगात तो ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. (शहराचे नाव १९९५ साली बदलले, गटाचे नाही.) ह्या लोकांच्या तांबड्या पेशींवर ए नसते, बी नसते, आणि ओ गटात भरपूर असणारा ‘एच’ हा घटकही नसतो. नुसत्या पेशी तपासल्या तर गट ‘ओ’ दिसतो. पण त्यांच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडे असतात, त्यामुळे ओ गटाचे रक्त चढवले तर त्या पेशी फुटू लागतात आणि जिवावर बेतते. भारतात साधारणतः दहा हजारांत एक असे त्यांचे प्रमाण सांगतात. युरोपात ते कितीतरी कमी आहे. म्हणजे लंडनच्या तंत्रज्ञाला जे पुस्तकातच भेटेल, ते कोकणच्या तंत्रज्ञाला टेबलावर भेटू शकते. पकडण्याचा उपाय महागडा नाही: गट पेशींवरून आणि रक्तद्रवावरून असा दोन्ही बाजूंनी तपासायचा, आणि घाई कितीही असली तरी जुळवणी टाळायची नाही. पण घाई असतेच, आणि ‘ओ सगळ्यांना चालतो’ हे वाक्यही आपण शाळेतच पाठ केलेले असते.

आता ‘रक्ताचे नाते’. बाहेरचे नको, घरचेच रक्त द्या, असा आग्रह नातेवाईक धरतात आणि तो आपल्याला हृद्य वाटतो. वैद्यकाचे म्हणणे नेमके उलट आहे. आई, बाप, भाऊ, मूल ह्यांचे रक्त विकिरण न करता चढवले, तर त्यातल्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटण्याचा धोका अधिक. प्रकार विरळा, पण बहुधा प्राणघातक. शिवाय सगळे घर व्हरांड्यात उभे असताना भाऊ आपला आजार किंवा आपले वागणे कोणापुढे कबूल करणार? स्वेच्छेने आणि नियमित देणाऱ्या अनोळखी माणसाचे रक्त अधिक भरवशाचे मानतात ते ह्याचसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणे १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले, पण ‘बदली रक्तदाता आणा’ ही सक्ती जिथे उरली तिथे तोच धंदेवाईक माणूस मावसभाऊ होऊन येऊ लागला.

ह्या सगळ्यामागे शुद्धतेची कल्पना आहे, आणि शुद्धतेविषयी महाडला कोणी काही शिकवावे असे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर ते तळे १०८ घागरी पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ करण्यात आले. ज्या पाण्याची तपासणी कोणी केली नव्हती ते माणसाच्या स्पर्शाने बाटले, आणि शेण-गोमूत्राने पवित्र झाले! त्याच १९२७ साली लँडस्टायनर आणि लेव्हिन एम, एन आणि पी हे नवे रक्तघटक जगापुढे ठेवत होते, आणि त्यांतल्या एकालाही जात कळत नव्हती. ह्यात केवळ आपणच मागे होतो असे नाही. अमेरिकेतल्या रेडक्रॉसने दात्याच्या वंशाप्रमाणे रक्त वेगळे ठेवणे १९५० साली थांबवले. शुद्धता जन्माने ठरते, म्हणून तिला चाचणी लागत नाही. सुरक्षितता चाचणीपूर्वी काहीच जाणत नाही. पुढच्या पिशवीला ती पुन्हा अजाण असते. एचआयव्ही, दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया ह्या पाचही तपासण्या निर्दोष निघाल्या तरी संसर्ग नुकताच झालेल्या दात्याच्या रक्तात तो दिसेलच असे नाही. ‘शुद्ध रक्त’ हे शब्द ऐतिहासिक कादंबरीत शोभतात. रक्तपेढीत त्यांना अर्थ नाही.

आमचे एक मित्र म्हणतात, दानाची भाषा काढून घेतली तर लोक रक्त देणारच नाहीत. मुद्दा खोटा नाही. पण ह्याच भाषेने नेत्याच्या वाढदिवशी एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात, आणि पावसाळ्यात कपाट रिकामे असते. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाच दिवस; वाढदिवस वर्षातून एकदाच येतो.

दुसरा जुनाट शब्द ‘बाटली’. काचेच्या बाटल्या जाऊन पिशव्या आल्याला कित्येक दशके झाली, तरी ‘जरा अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घेऊ’ हे चालूच आहे, जणू रक्त हे टॉनिक आहे. १९९९ साली कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले, की अतिदक्षता विभागातल्या बहुतेक रुग्णांतही हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर रक्त देणे, दहाच्या खाली गेल्याबरोबर देण्याइतकेच सुरक्षित ठरते. लोहाच्या गोळीने भागत असेल तिथे न चढवलेली पिशवी हीच सर्वांत सुरक्षित पिशवी. ही गोष्ट जुन्या डॉक्टरांना नव्याने शिकावी लागली. आपण अजून शिकलेलो नाही.

चूक झाली तर? भारतात रक्त चढवल्यानंतरच्या प्रतिक्रिया नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १० डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाला. तो स्वेच्छेवर चालतो, आणि नोंद करणे म्हणजे स्वतःवर बालंट घेणे असे समजणाऱ्या संस्थेत स्वेच्छा किती उरते? ब्रिटनमध्ये तीस हजारांहून अधिक माणसांना दूषित रक्त व रक्तोत्पादनांतून संसर्ग झाला. तिथल्या चौकशीचा अहवाल मे २०२४ मध्ये आला तेव्हा सर्वांत कठोर शब्द लपवालपवीविषयी होते.

रक्त चढवण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावयाची असते. ह्या क्रियेचा अधिकृत मराठी शब्द ‘रक्तसंक्रमण’. राज्याच्या परिषदेच्या नावातही तोच आहे. २०२० सालापासून हिंदी बातम्यांच्या कृपेने ‘संक्रमण’ म्हणजे रोगाची लागण असे घरोघरी रुजले आहे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून सून घेऊन आलेली सासू कागदावर हा शब्द वाचून घाबरली, तर ती अडाणी नव्हे. मराठी तिला आपल्यापेक्षा बरी कळते. ‘रक्त चढवणे’ हा सर्वांना समजणारा प्रयोग भाषेत असताना तो त्या कागदावर का नाही, हे परिभाषा घडवणाऱ्यांना, म्हणजे पुष्कळ अंशी आपल्याच विभागांतल्या प्राध्यापकांना, विचारले पाहिजे.