विश्लेषण: थंडीतला सिंहगड ‘सोपा’ का वाटतो? आणि पाय उतरतानाच का घसरतो?

डिसेंबर उजाडला की पुण्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘रविवारी सिंहगड?’ पाऊस नाही, चिखल नाही, ऊन कोवळं, वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पावसाळ्यात घरचे काळजी करतात, उन्हाळ्यात आपणच टाळतो. त्यामुळे पहिल्यांदा गड चढणारे बरेच जण थंडीतच येतात. पण हा मोसम वाटतो तितका बिनधास्त नाही. नेमकं काय होतं आणि रोज गड चढणाऱ्यांकडून काय शिकता येईल, ते समजून घेऊया.

वाट किती अवघड आहे?

पुण्याच्या नैऋत्येला सुमारे 30 किलोमीटरवर असलेला सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण 1300 मीटर उंच आहे. गाडीरस्ता थेट वर जातो. पायी जाणारे मात्र प्रामुख्याने आतकरवाडीची वाट धरतात. पावणेतीन किलोमीटरच्या आसपासच्या या वाटेत जवळपास 600 मीटर चढ आहे. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर हा 200 मजल्यांचा जिना झाला. तोही एकसारख्या पायऱ्यांचा नाही. कुठे कातळ, कुठे मुरूम, कुठे झाडांची मुळं. नवख्याला दीड ते दोन तास लागतात, रोजचे लोक त्याच्या निम्म्या वेळात वर पोहोचतात. मधे कुणाला ‘किती राहिलं?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘आलंच की, पाच मिनिटं!’ त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

पाऊस नसताना पाय का घसरतो?

सह्याद्रीतला बेसॉल्ट झिजून त्याचा मुरूम होतो. माती किंचित ओली असते तेव्हा कणांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांना धरून ठेवतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा ढासळतो, त्यामागेही हेच कारण आहे. दिवाळीनंतर वाट वाळत जाते, हा थर उडून जातो आणि खडे सुटे होतात. टणक जमिनीवर सुटे बारीक खडे म्हणजे बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखेच. बुटाचा तळवा जमिनीला टेकतच नाही, खड्यांवरून गडगडतो. ट्रेकर मंडळी याला ‘घसारा’ म्हणतात. रविवारी शेकडो पाय तोच मुरूम आणखी दळतात, त्यामुळे गर्दीच्या दिवशी घसारा वाढतो. वाटेवर आडवं पडलेलं वाळकं गवतही तितकंच दगा देतं.

चढताना हे फारसं जाणवत नाही, कारण वजन पुढच्या पायावर असतं आणि वेग कमी असतो. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा वेग मांडीच्या स्नायूंनी रोखावा लागतो. 200 मजले चढून दमलेले हेच स्नायू मग लटपटू लागतात. घाबरलेला माणूस मागे रेलतो, टाच खड्यांवर टेकवतो आणि बसकण मारतो.

गेल्या जानेवारीत मी असाच पडलो. इंजिनीअरिंगला घर्षणाचा धडा पास झालेलो असूनही पायात तळवा गुळगुळीत झालेले जुने बूट होते. तळहात सोलवटला. जवळच ताक विकायला बसलेल्या मावशींनी आधी जखमेवर पाणी ओतलं आणि मग बोलल्या, “बाळा, सरळ कशाला उतरतोस? आडवा हो. गुडघे वाकव. बारकी बारकी पावलं टाक.” मागून येणारे साठी ओलांडलेले एक काका काही न बोलता माझ्या पुढे झाले. त्यांनी पाऊल टाकायचं, तिथेच मी टाकायचं. असं करत पायथ्यापर्यंत त्यांनी मला आणलं आणि नाव न सांगता गाडीला किक मारून निघून गेले. त्या दोघांनी मला जे शिकवलं, ते तोवर पाहिलेल्या कुठल्याही व्हिडिओत मला सापडलं नव्हतं.

थंडीचा हिशेब कसा मांडायचा?

सर्वसाधारणपणे दर 1000 मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. या नियमाने पायथ्यापेक्षा माथ्यावर चार अंश कमी हवेत. पण थंडीतल्या शांत, निरभ्र पहाटे गणित उलटं होतं. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली साचते. शाळेच्या भूगोलात याला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणायचे. म्हणून आतकरवाडीत दात वाजत असतात आणि थोडं वर गेलं की बरं वाटतं. लोक तिथे जॅकेट कमरेला बांधतात, घामाने भिजतात आणि माथ्यावरच्या वाऱ्यात जाऊन उभे राहतात. ओला सुती टी-शर्ट अंगातली ऊब झपाट्याने खेचून घेतो. उपाय साधा आहे: पिशवीत एक कोरडा टी-शर्ट ठेवायचा आणि वर पोहोचताच बदलायचा.

दुसरं टोक दुपारचं. जानेवारीत पुण्याचं पहाटेचं तापमान 10 ते 12 अंशांच्या आसपास, तर दुपारचं 30 च्या जवळ असतं. म्हणजे एकाच सकाळी माणूस दोन ऋतूंतून जातो. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी प्यायलं जात नाही आणि उतरताना डोकं धरतं. माणशी किमान दीड लिटर पाणी न्यावं.

आणि अंधार? डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो, जूनपेक्षा तासभर आधी. झाडीत अंधार त्याहून लवकर होतो. चारला चढायला सुरुवात करणारा नवखा घसाऱ्यावरून उतरतो तो मोबाइलच्या टॉर्चवर, एक हात अडकवून. डोक्याला बांधायची छोटी बॅटरी दोन्ही हात मोकळे ठेवते.

गडाचे ‘रोजचे’ कोण?

ऑफिसच्या आधी एक फेरी मारणारे, निवृत्तीनंतर रोज येणारे, हिमालयातल्या मोहिमेसाठी पाठीवर वजन घेऊन चढणारे गिर्यारोहक, आणि पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांतून दुधाचे कॅन, दह्याची मडकी, पाण्याचे ड्रम वर नेणारे विक्रेते. या मंडळींचे काही नियम आहेत. ते कुठल्या फलकावर लिहिलेले नाहीत. उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. थांबताना दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. पायाखालून खडा सुटला तर ‘दगड!’ असं ओरडायचं. स्पीकर लावायचा नाही. डोक्यावर भार असलेल्या माणसाला थांबवायचं नाही. आग्या मोहोळ दिसलं की आवाज आणि धूर दोन्ही टाळायचे.

यातला एक नियम सर्वांत जास्त मोडला जातो: शॉर्टकट मारायचा नाही. दोन वळणांच्या मधून सरळ उतरलं की पाच मिनिटं वाचतात. पण तिथलं गवत मरतं, माती उघडी पडते आणि जूनमध्ये पाणी तीच सरळ वाट पकडतं. थंडीत पाडलेली चाकोरी पावसाळ्यात ओहोळ होते आणि पुढच्या थंडीत घसाऱ्याची घळ. आज आपण ज्यावर घसरतो, त्यातला बराच घसारा आपल्याच पायांनी तयार केलेला असतो.

विडी-सिगारेटचंही तसंच. वाळलेल्या गवताला एक थोटूक पुरतं. वणवा पसरू नये म्हणून वन विभाग जाळरेषा आखतो, पण पेटलेली काडी रेषेच्या कुठल्या बाजूला पडेल हे टाकणाऱ्याच्या हातात असतं.

मग करायचं काय?

अपघात झाला की दोन मागण्या होतात: वाट बंद करा, नाहीतर खालपासून वरपर्यंत सिमेंटच्या पायऱ्या करा. दोन्ही चुकीच्या आहेत. सिंहगड हा पुण्यातल्या हजारो लोकांचा पहिला डोंगर आहे. चालायला माणूस इथेच शिकतो आणि इथे शिकलेलाच पुढे राजगड-तोरण्याला शहाणपणाने जातो. वाटेवर जागोजाग आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढणं, शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकणं, एवढी साधी कामं वाटेचं आयुष्य वाढवतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वाटेत कुणी पडलं तर पहिली पोहोचते ती बहुतेक वेळा ताकवाली मावशी किंवा सरबतवाला दादा. 112 वर फोन लागला तरी मदत पायथ्यापासून चालतच वर यावी लागते. मग या विक्रेत्यांना प्रथमोपचाराचं एक दिवसाचं प्रशिक्षण, बँडेज-जंतुनाशकाची पेटी आणि एखादं स्ट्रेचर द्यायला काय हरकत आहे? प्रशासनाने ठरवलं तर एका मोसमात होण्यासारखं हे काम आहे. आज ते ही जबाबदारी कुणी न सांगता, फुकट पार पाडतात. त्यांच्याकडे फक्त ‘स्टॉलवाले’ म्हणून पाहणं सोडायला हवं.

आणि आपण? नवखे असाल तर विचारा. तळवा खरबरीत असलेले बूट घाला, उजेड असताना खाली या, आपला कचरा आपल्याच पिशवीत आणा. रोजचे असाल तर घड्याळ थोडं बाजूला ठेवा. वाटेत कुणी पाय लटपटत उभं दिसलं तर हसू नका. दहा मिनिटं त्यांच्यापुढे चाला आणि पाऊल कुठे टाकायचं ते दाखवा. तेवढ्याने तुमची वेळ बिघडेल, पण पुढच्या रविवारी वाट दाखवणारं आणखी एक माणूस गडावर असेल.