मॅक्रो म्हणजे स्थिरांक नव्हे

ॲस्ट्रोसॅट उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावला. त्याची विदा आज सर्वांना खुली आहे. अशी विदा वाचण्यासाठी विद्यार्थी सी भाषेत आज्ञावली लिहितात, तेव्हा हेडरमधील पूर्णांकी स्थिरांक सवयीने मॅक्रोंनी मांडतात. ही सवय मोडायलाच हवी.

मॅक्रो ही संकलनापूर्वीची आंधळी मजकूर-अदलाबदल आहे. कंस विसरून ‘8 + 2’ असा मॅक्रो लिहिला आणि त्याला 3 ने गुणले, तर 30 ऐवजी 14 मिळतात. संकलक अवाक्षर काढत नाही. मॅक्रोला व्याप्तीची मर्यादाही नसते. सीचे कॉम्प्लेक्स हेडर ‘आय’ हे अक्षर बळकावते, आणि विद्युतधारेला तेच नाव देणाऱ्याची आज्ञावली संकलितच होत नाही.

एनममधील नाव मात्र संकलकाला कळते, डीबगरला दिसते. स्विचमध्ये एखादी अवस्था सुटल्यास जीसीसी इशारा देऊ शकते.

एनम पूर्णांकांपुरता आहे, हा आक्षेप खरा. परंतु प्लांकच्या स्थिरांकासाठी ‘कॉन्स्ट’ आहे, आणि मॅक्रोचे रास्त स्थान सशर्त संकलनात आहे. अपवादाच्या आडून आळसाचे समर्थन होत नाही. चुकीचा आकडा शोधनिबंधात छापून आल्यावर तो निस्तरण्यापेक्षा हेडरमधील चार ओळी आजच बदलणे कितीतरी स्वस्त.