सांबारवडीला तिच्याच नावाने वाढा

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट मांडवी ओलांडते आणि काही मिनिटांत दिवाडी बेट लागते. काटोलकडचा पाहुणा तिथे उतरला, की नदीकाठी बसून आधी तिथलंच काही खायला मागतो. शागुती, आंबटतीक, हुमण ही नावे त्याने घरी कधी उच्चारलेली नसतात. गोव्याच्या मेनूकार्डांवर ती वाचून वाचूनच त्याच्या तोंडी बसली.

हाच पाहुणा विदर्भातल्या हॉटेलात यजमान होतो, तेव्हा काय वाढतो? रामटेकजवळ खिंडसीच्या तलावाकाठी किंवा पेंचच्या जंगलालगत उतरलेल्या पर्यटकापुढे बहुतेकदा पनीर बटर मसाला आणि हक्का नूडल्स येतात. फार झाले तर तर्री-पोहे. त्यामुळे विदर्भाचे जेवण म्हणजे नुसता जाळ, असा समज घेऊन तो परततो.

वडाभात त्याने पाहिलेलाच नसतो. मिश्र डाळींचे खरपूस वडे गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. गोळाभातात बेसनाचे गोळे भातातच वाफवले जातात. सोबत कढी असली की जिभेला चटकाही बसत नाही. सांबारवडीची तर गोष्टच न्यारी. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाहेरचा माणूस ते नाव वाचून इडलीचे सांबार आठवतो, आणि पहिल्या घासाला हिरव्यागार कोथिंबिरीचे खमंग सारण त्याला चकित करते.

मागणीच नाही, ही हॉटेलचालकांची तक्रार सावजींनी कधीच खोटी ठरवली आहे. नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांचे हे घरचे जेवण. हातमागाचा धंदा मंदावला, तशा खानावळी उघडल्या. खसखस, दगडफूल, सुंठीचा मसाला आणि नाव तेच ठेवून सावजी मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचले.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे दहा मिनिटांत ताटात येत नाहीत. पण खोली नोंदवतानाच जेवणाची मागणी घेता येते. उपड्या मडक्यावर लांब रोटी टाकणाऱ्या बाया गावोगावी आहेत, त्यांना रोजगार मिळेल. भिवापूरची मिरची, वायगावची हळद आणि नागपुरी संत्रे या तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे. माल दाराशी आहे, हातही आहेत. कमी आहे ती मेनूकार्डावरच्या चार ओळींची.

आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात, तेव्हा काटोलच्या बागा पाहायला पाहुणे येतात. काटोल-नागपूर रस्त्यावरच्या हॉटेलचालकांनी यंदा त्यांच्यासाठी निदान रविवारी वडाभात आणि सांबारवडी ठेवावी, नावासह, ठळक देवनागरीत. आणि काटोलकरांनी पहिल्या रविवारी स्वतः जाऊन तीच मागवावी.